शिवेपर्यंतची हमी

पिंप्राळ्याने आपले गावपण अजून सोडलेले नाही. आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो आणि जळगाव शहरातून, आसपासच्या खेड्यांतून माणसे दर्शनाला येतात. कागदोपत्री मात्र हे गाव कधीच शहरात विरघळले. आधी जळगाव नगरपालिका, 2003 पासून महानगरपालिका. शेतांच्या जागी कॉलन्या आल्या, हुडकोची वसाहत उभी राहिली, आणि गावठाणातली जी माणसे पूर्वी दुसऱ्याच्या शेतात निंदणी-कापणीला जात, त्यांची पुढची पिढी सेंट्रिंगच्या कामावर, डाळ मिलमध्ये, चटईच्या कारखान्यात किंवा हमालीला जाऊ लागली.

शिरसोली आणि आसोदा ही गावे शहराला लागूनच आहेत, पण तिथे ग्रामपंचायत आहे. या एका फरकाने मजुराचा हक्क बदलतो. शिरसोलीची बाई ग्रामपंचायतीत जाऊन रोजगार हमीचा नमुना 4 भरून काम मागू शकते आणि पोच घेऊ शकते. पंधरा दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारी भत्ता मागण्याचा हक्क तिला कायद्याने दिला आहे. पिंप्राळ्याच्या बाईला असा कोणताही कागद भरता येत नाही. शहरातल्या मजूर नाक्यावर या दोघी सकाळी शेजारी शेजारी उभ्या राहू शकतात. दोघींचा रोज सारखा, दोघींच्या घरची उधारी सारखी. एकीच्या पाठीशी राज्याचे वचन आहे, दुसरीच्या नाही.

हे वचन मुळात महाराष्ट्राने दिले, देशाने ते नंतर उचलले. ते कसे सुचले, कोणी तपासले आणि कुठे तोकडे पडले, हा आपल्या राज्यातल्या अभ्यासाचा आणि धोरणाचा सर्वांत मोलाचा इतिहास आहे असे मी मानतो. शाळेच्या पुस्तकात त्याला एखादे वाक्य मिळते. तो त्याहून बराच मोठा आहे.

सुरुवात सांगली जिल्ह्यात झाली. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे विठ्ठल सखाराम पागे स्वातंत्र्यचळवळीतून आलेले, पुढे 1960 ते 1978 अशी अठरा वर्षे विधान परिषदेचे सभापती. कोरडवाहू भागातल्या मजुराची अडचण त्यांनी अगदी साध्या रीतीने मांडली. हाताला काम नसते ते वर्षातले काही महिने, आणि नेमक्या त्याच महिन्यांत तो सावकाराकडे जातो. मग सरकारने त्या महिन्यांत काम का देऊ नये? 1965 मध्ये तासगाव तालुक्यात हा प्रयोग लहान प्रमाणात करून पाहिला गेला. त्यात काय जमते, मजूर किती येतात, पैसा किती लागतो हे समजल्यावर तो आणखी काही भागांत नेला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या काळात, मे 1972 मध्ये, रोजगार हमी योजना राज्यभर जाहीर झाली.

त्याच सुमारास पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत एक वेगळे काम पुरे झाले होते. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीतली घरखर्चाची आकडेवारी घेऊन एक प्रश्न विचारला: रोज 2250 उष्मांक मिळतील एवढे अन्न परवडायला माणसाला किती खर्च करावा लागतो, आणि तेवढाही खर्च न करू शकणारे किती आहेत? 1960-61 च्या किमतींना त्यांचे उत्तर होते खेड्यात दरमहा दरडोई सुमारे 15 रुपये, शहरात 22 रुपये 50 पैसे. खेड्यातली सुमारे 40 टक्के माणसे त्या रेषेखाली होती, शहरातली सुमारे 50 टक्के. हा अभ्यास 1971 च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला आणि देशभर वाद पेटला. वादातला मोठा भाग रेषेवर खर्च झाला. पुस्तकाचा उत्तरार्ध त्यामानाने कमी वाचला गेला, आणि माझ्या मते खरी गोष्ट तिथे आहे. जमिनीचे फेरवाटप झाले तरी सगळ्यांना पुरेल एवढी जमीन नाही, असा हिशेब दोघांनी मांडला, आणि गरिबाला उत्पन्न द्यायचे तर सार्वजनिक कामे काढा, त्यासाठी वरच्या थरावर कर लावा, असे स्पष्ट म्हटले.

मग दुष्काळ आला. बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी अजून जिवंत आहेत: लाल मिलो, मुलांना मिळालेली सुकडी, बायांनी फोडलेली खडी. 1970 पासून पाऊस ओळीने कमी पडत गेला आणि 1972-73 मध्ये पीक जवळपास बुडाले. मे 1973 मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसे होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, खडीचे ढीग. नंतर अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला. तेव्हा महाराष्ट्रात दरडोई धान्य आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यातल्या दुष्काळग्रस्त देशांपेक्षाही कमी होते, असे त्यांनी दाखवले. तरीही तिथे लोक उपासमारीने मेले, आणि इथे तशी मोठी जीवितहानी टळली. फरक होता मजुरीचा. कामावर गेलेल्या माणसाच्या हातात पैसा होता, म्हणून जेवढे धान्य होते ते श्रीमंताच्याच घरी साठून राहिले नाही.

दुष्काळ सरला आणि सरकारपुढे प्रश्न उभा राहिला: ही कामे आता बंद करायची का? उत्तर कायद्याच्या रूपाने आले. 1977 मध्ये विधिमंडळाने रोजगार हमी कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. त्याआधीच पैशाची सोय झाली होती. 1975 च्या कायद्याने व्यवसाय कर आला, तोच जो आज पगारपत्रकावर दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये म्हणून दिसतो, वर्षाला 2500. रोजगार हमीसाठी हा पैसा उभा करायचा आणि राज्याने तेवढीच भर आपल्या तिजोरीतून घालायची, अशी ही रचना होती. पिंप्राळ्यातला शिक्षक, दुकानदार, बँकेतला कारकून हे सगळे या कराचे भरणारे. खेड्यातल्या कामासाठी शहराने पैसा द्यावा हा त्या वेळचा विचार होता आणि तो मला आजही योग्य वाटतो. पण शहरात येऊन राहिलेल्या गरिबाचे काय, हे तेव्हा विचारले गेले नाही. ग्रामीण भाग आणि ‘क’ वर्ग नगरपालिका एवढ्यांपुरती हमी होती. जळगावसारखी मोठी शहरे तिच्या बाहेर राहिली.

कायद्याची खरी ताकद एका बाबीत आहे आणि ती समजून घेण्यासाठी थोडे थांबायला हवे. गरिबाला मदत करायची म्हटले की पहिला प्रश्न येतो तो गरीब कोण. नेहमीचा मार्ग म्हणजे यादी. तलाठी, ग्रामसेवक, सरपंच मिळून यादी करतात, आणि ज्याची ओळख आहे तो यादीत बसतो. रोजगार हमीत यादीच नाही. मागेल त्याला काम. उन्हात टोपली उचलायला आणि कुदळ मारायला जो येईल तो गरजू आहे असे धरायचे, कारण ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे तो त्या मजुरीसाठी येणार नाही. निवड अधिकाऱ्याच्या हातून काढून मजुराच्या हाती दिली गेली. यादी आधारलेली असते कोणाच्या तरी मर्जीवर; मागणी हा मागणाऱ्याचा अधिकार असतो. कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांनी 1980 मध्ये या योजनेवरच्या मजुरांची पाहणी प्रसिद्ध केली तेव्हा कामावर येणारी घरे खरोखरच फार मोठ्या प्रमाणात गरीब आहेत हे दिसले.

जळगावकरांना यादीच्या मार्गाची किंमत वेगळ्या रीतीने माहीत आहे. 1990 च्या दशकात नगरपालिकेने हुडकोचे कर्ज घेऊन गरिबांसाठी अकरा हजारांहून अधिक घरकुले बांधण्याची योजना आखली. त्यातली फार थोडी पूर्ण झाली, कर्ज मात्र शहराच्या डोक्यावर राहिले. ऑगस्ट 2019 मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने या प्रकरणात 48 जणांना दोषी ठरवले, आणि पुढे अपिले उच्च न्यायालयात गेली. घर ज्याच्यासाठी होते त्याच्या हातात या सगळ्या काळात कोणताही कागद नव्हता, ज्याच्या जोरावर तो विचारू शकला असता की माझे घर कुठे आहे.

रोजगार हमीतही खोटी मस्टर झाली, ठेकेदारांनी यंत्रे लावली, नावे मृतांची आणि पैसे जिवंतांचे असेही घडले. पण तिथे प्रत्यक्ष मजूर रांगेत उभा होता आणि मजुरी बुडाली तर तहसील कचेरीवर मोर्चा निघत होता. खानदेशात याचा अनुभव शहाद्याच्या बाजूला आला. तेव्हा तो तालुका धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार वेगळा जिल्हा 1998 मध्ये झाला. अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली भिल्ल आदिवासी मजूर उभे राहिले, 1972 मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. हातातून गेलेल्या जमिनी हा त्यांचा पहिला प्रश्न होता आणि सालदारी हा दुसरा.

सालदार म्हणजे वर्षाच्या करारावर शेतमालकाकडे राहणारा मजूर. आखाजीला करार होतो, आखाजीला संपतो. वर्षभर उचल घेतलेली असते, ती फिटत नाही, म्हणून पुढचा करारही त्याच मालकाकडे होतो. अशा माणसाला जवळच दुसरे काम उपलब्ध असणे म्हणजे काय, हे मालकाला लगेच कळते. ज्याला नाही म्हणता येते, त्याची मजुरी वाढते. पुढे आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी 157 मंडलांमध्ये केलेल्या प्रयोगात हीच गोष्ट आकड्यांत दिसली. कामाची हमी नीट राबवली तेव्हा गरीब कुटुंबांचे उत्पन्न वाढले, आणि त्या वाढीचा बहुतांश हिस्सा योजनेच्या मजुरीतून आला नव्हता. तो खासगी कामांतून आला होता, कारण मालकांना दर वाढवावे लागले. शहाद्याच्या सालदाराला हे सांगायला अर्थशास्त्रज्ञाची गरज नव्हती. पण मंत्रालयात ते पटवायला लागते.

जमिनीच्या प्रश्नावर 1974 चा कायदा आला, अनुसूचित जमातींच्या हातून गेलेल्या जमिनी परत देण्याचा. त्याची अंमलबजावणी हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. इथे एवढेच नोंदवतो की मजुरीने दारिद्र्य कमी होते, विषमता कमी होईलच असे नाही. रोजगार हमीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप हाच होता. पाझर तलाव खणणारे भूमिहीन, आणि तलाव भरल्यावर पाणी वाढते ते खालच्या अंगाला विहीर असलेल्या बागायतदाराचे. टोपली उचलणाऱ्याला त्या वर्षाची मजुरी मिळाली, शेतमालकाला कायमचे पाणी. रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स यांनी 1983 मध्ये हे सरळ लिहिले: ही योजना टिकली, कारण तिने जमीनवाल्यांचेही भले केले. मला हे विधान खरे वाटते आणि तेवढ्याने ती योजना वाईट ठरत नाही असेही वाटते. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी त्याच दुष्काळानंतर पाणी पंचायतीतून वेगळे उत्तर दिले. पाण्याचा वाटा जमिनीप्रमाणे न देता घरातल्या माणसांप्रमाणे द्यायचा, आणि त्यात भूमिहीनालाही हक्क. सरकारी तलावांना हा नियम लावला गेला असता तर महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागाचे चित्र निराळे दिसले असते.

संशोधकांनी या योजनेवर जेवढे लक्ष ठेवले तेवढे क्वचित एखाद्या सरकारी कामावर ठेवले असेल. हैदराबादच्या इक्रिसॅट संस्थेने 1975 पासून काही गावांत वर्षानुवर्षे घरोघरच्या कमाईची नोंद ठेवली. त्यात सोलापूर जिल्ह्यातले शिरापूर होते, अकोल्याचे कान्झारा होते, आणि तेलंगणातले औरेपल्ली. महाराष्ट्रात हमी होती, तिकडे नव्हती. भूमिहीन घरांचे उत्पन्न वर्षावर्षाला किती खालीवर होते हे पाहिले तेव्हा महाराष्ट्रातल्या गावांतला चढउतार सुमारे निम्मा निघाला. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात सरासरी उत्पन्नाहून महत्त्वाचे असते ते वाईट वर्ष किती वाईट जाते. त्या वर्षी बकरी विकली जाते, मुलगी शाळेतून निघते, कर्ज चढते. गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हॅलियन यांनी याच नोंदींतून आणखी एक हिशेब काढला. हमीच्या कामावर गेल्यामुळे मजुराची दुसरी कमाई किती बुडाली? मजुरीच्या साधारण चौथा हिस्सा. म्हणजे उरलेला पैसा खरोखर घरात नवा आला.

आणि मग 1988. त्या वर्षी मे महिन्यात शेतमजुरांचे किमान वेतन दुपटीवर गेले आणि त्याबरोबर हमीवरची मजुरीही दुप्पट झाली. निर्णय न्याय्य होता. किमान वेतनाहून कमी पैशात सरकारने कोणाला राबवू नये. पण अंदाजपत्रक त्या प्रमाणात वाढले नाही. रॅव्हॅलियन, दत्त आणि शुभम चौधुरी यांनी महिन्यामहिन्याची हजेरी तपासली तेव्हा दिसले की दर वाढल्यावर कामे कमी उघडली गेली आणि काम मागणाऱ्या अनेकांना परत जावे लागले. कायदा तोच होता, पण हमी पातळ झाली. पुढच्या वर्षांत योजनेवरची हजेरी घसरत गेली आणि फळबागा, विहिरी यांसारख्या वैयक्तिक लाभाच्या कामांकडे तिचा ओघ वळला. व्यवसाय कर मात्र वसूल होत राहिला. हे वाचताना मला राग येतो तो दर वाढवणाऱ्यांचा नाही. वचन वाढवून तिजोरी तेवढीच ठेवली आणि ते मजुराला सांगितले नाही, याचा येतो.

ज्यांना राबताच येत नाही त्यांचे काय, हा दुसरा उणा कोपरा. म्हातारी माणसे, अपंग, तान्हे मूल अंगावर असलेली विधवा. त्यांच्यासाठी राज्याने 1980 मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना काढली. कामाची हमी आणि निराधाराचे अनुदान या दोन्हींचा विचार एकत्र केला तरच आधार पुरा होतो.

कामाची हमी देशाने 2005 मध्ये स्वीकारली. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा, घरामागे वर्षाला 100 दिवस, 2 फेब्रुवारी 2006 पासून सुरुवात. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने त्याची जागा घेणारा नवा कायदा मंजूर केला; दिवस 125 झाले, आणि पेरणी-कापणीच्या हंगामात 60 दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची मुभा आली. शेतमालकाला ज्या दिवसांत मजूर हवा, नेमक्या त्या दिवसांत मजुराचा दुसरा पर्याय बंद ठेवायचा, असा त्याचा अर्थ होऊ शकतो. सालदाराचा इतिहास माहीत असलेल्या खानदेशाने यावर नीट नजर ठेवायला हवी. आणि दोन्ही कायद्यांत शीव तीच राहिली: ग्रामीण.

शहरांसाठी प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. केरळने 2010 मध्ये अय्यनकाळींच्या नावाने शहरी रोजगार हमी सुरू केली. टाळेबंदीनंतर ओडिशा, झारखंड आणि हिमाचल प्रदेशाने आपापल्या योजना काढल्या. राजस्थानने सप्टेंबर 2022 मध्ये शहरी घरांना 100 दिवसांचे काम देऊ केले आणि पुढच्या वर्षी तो आकडा 125 केला. 2020 मध्ये द्रेझ यांनी सुचवले होते की सरकारी शाळा, दवाखाने, नगरपालिका यांनाच कामाच्या दिवसांची कुपने द्यावीत, त्यांनी मजूर लावावेत आणि मजुरी सरकारने थेट खात्यात भरावी. ज्या महाराष्ट्राने देशाला हमी शिकवली, त्याने या बाबतीत अजून पुढाकार घेतलेला नाही.

तो घ्यायचा तर तासगावच्या रीतीने घ्यावा, लहान सुरुवात करून आणि मोजत मोजत. जळगाव महानगरपालिकेचे काही प्रभाग निवडावेत, त्यात पिंप्राळा-हुडको असावा. कोणत्या प्रभागात आधी आणि कोणत्या प्रभागात वर्षभराने सुरुवात करायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, म्हणजे दोन्हींची तुलना करता येईल. काम पावसाळ्यात काढावे, कारण बांधकामे मंदावतात तेव्हाच नाक्यावरून माणसे रिकामी परततात. नाले, शाळांची डागडुजी, अंगणवाड्यांचे रंगकाम, झाडांचे संगोपन. खणायला माळरान नसले तरी शहरात कामाला तोटा नाही. मजुरी किमान वेतनाएवढी असेल तर कसलेला गवंडी किंवा सेंट्रिंगवाला येणार नाही. बायका येतील, पन्नाशी ओलांडलेले पुरुष येतील, असा माझा अंदाज आहे, आणि तो चुकीचा ठरला तर ते समजणेही उपयोगाचे आहे. वर्षभरानंतर चार गोष्टी पाहाव्यात: नाक्यावरचा रोज किती बदलला, किराण्याची उधारी किती उरली, बचत गटाचे हप्ते चुकले का, आणि मुलांची शाळेतली हजेरी. विद्यापीठ गिरणेपलीकडे बांभोरीला आहे. अर्थशास्त्राच्या आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना घरोघरच्या नोंदी ठेवायला याहून चांगले क्षेत्र मिळणार नाही. रोज वाढला तर बांधकामाचे ठेकेदार तक्रार करतील. शहाद्याच्या मालकांनीही केली होती, आणि त्या तक्रारीची तारीख नोंदवहीत लिहून ठेवावी, कारण हमी लागू पडू लागल्याचा तो पहिला पुरावा असेल.